टक्क्याच्या खुणेने मेमरीची बचत होत नाही

संपादक महोदय,

जुन्या घरगुती संगणकांवरच्या आपल्या पुरवणीतील लेखात, बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत व्हेरिएबलच्या (किंमत साठवणाऱ्या नावाच्या खणाच्या) नावापुढे टक्क्याची खूण (%) लावून त्याला फक्त पूर्णांक ठेवणारे केले की मेमरीची बचतही होते आणि प्रोग्रॅमही जोरात पळतो, असा सल्ला छापला आहे. उदाहरण कमोडोर ६४ चे दिले आहे आणि नेमके तिथेच हे लागू पडत नाही.

कमोडोरच्या बेसिकमध्ये साधे व्हेरिएबल कोणत्याही प्रकारचे असो, त्याच्या वाट्याला ७ बाइटच येतात. पहिले २ नावाचे, पुढचे ५ किमतीचे. दशांश संख्या हे पाचही वापरते : १ घातांकाला, ४ मँटिसाला (म्हणजे संख्येच्या मूळ अंकांना). पूर्णांकाचे काम २ बाइटांत भागते आणि उरलेले ३ नुसते पडून राहतात. स्ट्रिंगच्या (अक्षरांचा मजकूर ठेवणाऱ्या व्हेरिएबलच्या) खणात मजकूर नसतोच. १ बाइट लांबी, २ बाइट मजकुराचा पत्ता, बाकी २ रिकामे.

खात्री करायची तर संगणक चालू केल्या केल्या ए=१ टाइप करा. व्हेरिएबलची यादी कुठे सुरू होते तो पत्ता ४५ आणि ४६ या बाइटांत असतो. पीक म्हणजे दिलेल्या पत्त्यावरचा बाइट वाचणे; पीक(४५)+२५६*पीक(४६) या जागेपासून ७ बाइट वाचले की ६५, ०, १२९, ०, ०, ०, ० दिसतात. न्यू या आज्ञेने सगळे पुसून ए%=१ केले तर १९३, १२८, ०, १, ०, ०, ०. नावाच्या दोन्ही बाइटांत १२८ मिळवलेले आहेत. पूर्णांकाची ओळख तीच. स्ट्रिंगला फक्त दुसऱ्या बाइटात मिळवतात.

वेगाचे तर उलटेच आहे. या बेसिकला पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी येत नाही. ए% दिसले की आधी त्याची दशांश संख्या करायची, हिशेब करायचा, मग पुन्हा पूर्णांक करून ठेवायचा. फॉर-नेक्स्टमध्ये (तेच काम ठरावीक वेळा करवणाऱ्या आज्ञेत) मोजणीच्या व्हेरिएबलला तर % चालतच नाही, थेट सिंटॅक्स एरर.

जागा वाचते ती अ‍ॅरेमध्ये. त्यात एकाच नावाखाली क्रमांक दिलेली अनेक घरे असतात आणि ती डिम या आज्ञेने मागतात. डिम ए(१००) म्हणजे शून्यापासून धरून १०१ घरे, प्रत्येकी ५ बाइट आणि ७ बाइटांचे शीर्षक : एकूण ५१२. तेच ए%(१००) केले तर घराला २ बाइट, म्हणजे २०९. स्ट्रिंगच्या अ‍ॅरेत घराला ३.

वेग हवा असेल तर लक्ष यादीच्या क्रमाकडे द्यावे. व्हेरिएबल शोधताना दर वेळी यादी पहिल्यापासून चाळली जाते, म्हणून सतत लागणारी नावे प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत शून्य देऊन उभी करावीत, डिम त्यानंतर. अ‍ॅरे या यादीच्या लगेच वर बसतात; डिमनंतर एखादे नवे साधे व्हेरिएबल उपटले की त्याला जागा करायला सगळे अ‍ॅरे ७ बाइट वर सरकवावे लागतात. मोठा अ‍ॅरे असला तर हा अडखळा डोळ्यांना दिसतो.

नावाची पहिली दोनच अक्षरे जमेस धरतात, त्यामुळे ‘रेट’ (RATE) आणि ‘रँक’ (RANK) एकाच खणात जातात आणि कुठलीही एरर येत नाही. ‘स्कोअर’ची (SCORE) गंमत वेगळी : त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘ऑर’ (OR) हा कीवर्ड, म्हणजे बेसिकचा स्वतःचा राखीव शब्द, दडलेला असल्याने ओळच मोडते.

स्ट्रिंग जोडून किंवा कापून तयार झालेला मजकूर मेमरीच्या वरच्या टोकाकडून खाली साठत येतो आणि जुना तसाच पडून राहतो. जागा संपली की बेसिक झाडलोट काढते. जिवंत असलेल्या प्रत्येक स्ट्रिंगसाठी ते सगळी यादी नव्याने तपासते, म्हणून स्ट्रिंग दुप्पट झाल्या की वेळ चौपट होतो. तेवढा वेळ स्टॉपचे बटणही दाद देत नाही आणि प्रोग्रॅम लटकला असे वाटते. अधूनमधून एक्स=फ्रे(०) (मोकळी मेमरी किती ते सांगणारी आज्ञा, जी आधी हीच झाडलोट करते) लिहिल्याने हा वेळ वाचत नाही, पण कधी थांबायचे ते आपल्या हातात राहते. (फ्रे(०) चे उत्तर उणे आले तर त्यात ६५५३६ मिळवावेत.)

लेखकाची गफलत बहुधा बीबीसी मायक्रो या दुसऱ्या जुन्या घरगुती संगणकावरून झाली असावी. तिथे पूर्णांकाचे गणित खरोखर वेगळे होते आणि ए% ते झेड% यांच्या जागाही मेमरीत कायमच्या ठरलेल्या असतात, शोधाशोध नाही. सल्ला त्या यंत्रासाठी योग्यच. पुरवणीत तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक