नृत्योपचार: आधी चाल मोजा, गोळीची वेळ पाहा

संपादक महोदय,

नाचाने पार्किन्सन्स (कंपवात) पळतो, विस्मरण टळते, अशा अर्थाचे मथळे वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसतात. ते वाचून घरचे लोक हौसेने रुग्णाला गाण्यावर उभे करतात. दोन दिवसांत कधीतरी तोल जातो आणि मग नाचाचे नाव घरात कोणी काढत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा उपचार मला मनापासून पटतो, म्हणूनच तो असा वाया गेलेला पाहवत नाही.

नृत्यामुळे मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. आजाराचा वेग त्यामुळे मंदावतो, हेही सिद्ध झालेले नाही. २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांची पाहणी आली होती. नाचणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) कमी आढळला, हा तिचा निष्कर्ष वारंवार सांगितला जातो. पण ज्यांचा मेंदू आतून थकू लागलेला असतो तेच नाच आधी सोडत असतील, ही शंका अशा पाहणीत राहतेच.

पार्किन्सन्समध्ये तोल आणि चाल सुधारते याचे पुरावे मात्र चांगले आहेत. ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. पुढे अर्जेंटिनाच्या टँगोवर रीतसर चाचण्याही झाल्या. टँगोत थांबणे, पुन्हा निघणे, मागे सरकणे, वळणे सतत येते, आणि रुग्णाचे नेमके तिथेच अडते. सवयीची हालचाल आपसूक सुरू करून देणे हे मेंदूच्या आतल्या बेसल गँग्लिया नावाच्या केंद्रांचे काम. मेंदूतले डोपामिन हे संदेशवाहक रसायन घटले की तो आतला इशारा क्षीण होतो. ठेका तो इशारा बाहेरून देतो. त्यामुळे इथे गाणे करमणुकीपुरते नसते, आणि औषधासारखीच त्याची मात्रा ठरवावी लागते.

ती अशी ठरवावी. रुग्ण नेहमीच्या चालीने मिनिटाला किती पावले टाकतो ते मोजा. ९२ भरली तर ठेकाही मिनिटाला ९२चाच लावा. तो आठवडाभर सहज जमला की पाच टक्के वाढवा, म्हणजे ९६-९७. दहा टक्क्यांपुढे जाण्याची घाई नको. लय चढली की पावले आखूड होतात, धड पुढे झुकते आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे थिजतात. ज्यांचे पाय एरवीही थिजतात, त्यांना स्वतःच्या चालीपेक्षा किंचित ठाय, म्हणजे संथ, लय द्यावी. पाय थिजलाच तर हाताला धरून ओढू नका. थांबवा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर दोनदा झुलवू द्या आणि समेवर मोठे पाऊल टाकायला सांगा.

वळताना एका पायावर गिरकी कधीच नको. अर्धवर्तुळात चार-पाच पावले टाकत वळावे. मागे चालण्याचा सराव फार उपयोगी, पण या आजारात माणूस मागे कोसळण्याचा धोका असतो, म्हणून पाठीशी कोणीतरी हवेच. सराव चालू असताना गप्पाही नकोत. उत्तर द्यायला गेलेले लक्ष पायावरून उडते.

वेळ गोळीच्या अंमलाची निवडावी: लेवोडोपा (मेंदूला डोपामिन पुरवणारे औषध) घेतल्यावर साधारण पाऊण ते एक तासाने. त्याआधी रक्तदाब पाच मिनिटे आडवे ठेवून आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांत पाहावा. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरला, तर त्या दिवशीचा नाच खुर्चीतच. एरवीही पहिली पंधरा मिनिटे बसूनच करावीत. खुर्ची चाकांची नको. पाय घासत चालणाऱ्याला जाड रबरी तळाचे बूट नकोत, ते जमिनीला अडकतात.

अल्झायमर्समध्ये सगळी तऱ्हा वेगळी. तिथे पाय अडण्यापेक्षा सूचना समजण्यात गोंधळ होतो. समोर उभे राहून स्वतः करून दाखवा, एका वेळी एकच हालचाल सांगा, आणि प्रतिसादाला दहा सेकंद तरी द्या. गाणी रुग्णाच्या तरुणपणची असावीत. जमिनीवरचा गडद पट्टा त्यांना खड्डा वाटू शकतो आणि ते तिथेच अडून बसतात. हा हट्ट नव्हे, नजरेचा घोटाळा आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (मेंदू व मज्जारज्जूतल्या नसांचे आवरण झिजवणारा आजार) खोली थंड ठेवा, कारण अंग तापले की लक्षणे तात्पुरती बळावतात. एएलएसमध्ये (स्नायू दुबळे करत जाणारा मज्जाविकार) थकवा येण्याआधीच थांबायचे. दमेपर्यंत व्यायाम हा नियम तिथे घातक ठरतो.

एक विनंती. नृत्योपचाराची बातमी छापताना रुग्ण आजाराच्या कोणत्या टप्प्यावर होते, आठवड्यातून किती वेळ सराव झाला आणि किती जण आधाराला उभे होते, एवढे तीन तपशील जरूर द्यावेत. बातमी वाचून घरी काय करावे आणि काय टाळावे, ते वाचकाला त्यावरूनच ठरवता येते.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट