मुदत फक्त आम्हालाच का? केंद्रीय विधी मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

जानेवारी २०२३ मध्ये महान्यायवादींनी, म्हणजे सरकारच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्यांनी, सर्वोच्च न्यायालयात शब्द दिला होता की न्यायमूर्तींच्या नेमणुकांचं वेळापत्रक सरकार पाळेल. कॉलेजियमच्या, म्हणजे नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाच्या, १०४ शिफारशी तेव्हा सरकारकडे पडून होत्या. त्यातल्या ४४ लगेच मार्गी लावू, असंही सांगितलं गेलं. आजही संसदेत कुणी विचारलं की तुमच्या खात्याचं छापील उत्तर येतं: नेमणुका ही कार्यपालिका आणि न्यायपालिका यांच्यातली सततची, एकात्मिक, सहयोगाची प्रक्रिया आहे. सततची हे मान्य. संपतच नाही!

वेळापत्रक इथे लिहितो, खात्यात कुणाला सवड असेल तर वाचावं. जागा रिकामी होण्याच्या सहा महिने आधी उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या सल्ल्याने नाव पाठवायचं. राज्य सरकारला सहा आठवडे. आयबीच्या (केंद्रीय गुप्तचर खात्याच्या) अहवालाला चार ते सहा आठवडे. ही कागदपत्रं आली की केंद्राने आठ ते बारा आठवड्यांत फाइल सर्वोच्च न्यायालयाकडे धाडायची. कॉलेजियमने एकमताने तेच नाव पुन्हा पाठवलं तर तीन-चार आठवड्यांत नेमणूक. सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२१चा निकाल तसं स्पष्ट सांगतो. मेख पुढे आहे. मुख्यमंत्र्यांनी सहा आठवड्यांत कळवलं नाही, तर त्यांना काही म्हणायचं नाही असं समजून तुम्ही पुढे जाऊ शकता. केंद्राने फाइल दाबली तर? काहीही होत नाही.

मुंबईचंच उदाहरण घ्या. वकील सोमशेखर सुंदरेशन यांचं नाव फेब्रुवारी २०२२ मध्ये गेलं. समाजमाध्यमांवर मतं मांडतात, हा तुमचा आक्षेप. कॉलेजियमने तो फेटाळून जानेवारी २०२३ मध्ये नाव पुन्हा पाठवलं. नेमणूक झाली नोव्हेंबरमध्ये. चार आठवड्यांचं काम, दहा महिने! कर्नाटकात आदित्य सोंधी यांनी तर वर्षभर वाट बघून संमतीच मागे घेतली. नाव जाहीर झालेल्या वकिलाकडे नवा पक्षकार येत नाही, कारण हा उद्या खंडपीठावर गेला तर खटला कोण चालवणार? तिकडे नेमणूक नाही आणि इकडे वकिली सुकते.

याहून खुबीचा प्रकार म्हणजे एकाच यादीतली काही नावं मंजूर करायची, उरलेली ठेवून द्यायची. उच्च न्यायालयातली ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेवर ठरते आणि निवृत्ती बासष्टाव्या वर्षी ठरलेली. सहा महिने मागे पडलेला माणूस पुढे मुख्य न्यायमूर्तिपदाच्या रांगेतही मागे पडतो. कुणाला काढावं लागत नाही, बदली करावी लागत नाही. फक्त सही करायची नाही.

१९७३ मध्ये शेलत, हेगडे, ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजित नाथ राय यांना सरन्यायाधीश केलं, ते निदान उजेडात झालं. तिघांनी राजीनामे दिले, देशाने पाहिलं. पोलंडच्या सरकारने २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचं निवृत्तीवय ७० वरून ६५ केलं, तर युरोपीय न्यायालयाने पुढच्याच वर्षी ते बेकायदा ठरवलं. कायदा केला की त्याला आव्हान देता येतं. न केलेल्या सहीला कुठे आव्हान द्यायचं? इंग्लंडमध्ये तर मंत्र्याला निवड आयोगाचं नाव नाकारायचं असेल तर कारणं लेखी द्यावी लागतात.

आणि कृपा करून आम्हाला रामशास्त्री सांगू नका. न्यायालयाच्या इमारतीची कोनशिला बसवताना प्रत्येक मंत्र्याला रामशास्त्री आठवतात. राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा तो न्यायाधीश पुणे सोडून गेला, आणि त्याच्या निकालाची अंमलबजावणी झाली नाही, हे भाषणात येत नाही. माणूस निःस्पृह होता. पदाला संरक्षण नव्हतं. संरक्षण हवं म्हणून तर संविधान लिहिलं ना?

कॉलेजियमही धुतल्या तांदळाचं नाही. बंद दाराआड नावं ठरतात, कारणं कधी छापतात, कधी गाळतात. पण त्यावर तुमचा उपाय, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलेला न्यायिक नियुक्ती आयोग, विधी मंत्र्यालाच आत बसवणारा होता. न्यायमूर्तींना जाब विचारण्याची संसदेची हौसही १९९३ मध्ये दिसली: न्यायमूर्ती रामस्वामींना पदावरून काढण्याच्या प्रस्तावाच्या बाजूने १९६ मतं, विरोधात एकही नाही, आणि २०५ खासदार तटस्थ. प्रस्ताव पडला.

उच्च न्यायालयांतल्या मंजूर ११२२ पदांपैकी तीनशेच्या आसपास रिकामी राहतात, त्याची किंमत आम्ही भरतो. अपील बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, येत नाही. तोवर अपीलकर्ता मेला, तर नव्वद दिवसांत वारस लावा, नाहीतर अपील संपलं. उशीर माफ करून घ्यायचा तर पुन्हा अर्ज, पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा तारीख. मेलेल्या माणसालाही मुदत आहे, मंत्रालयाला नाही.

मागणी साधी आहे. तुमचा न्याय विभाग रिकाम्या पदांचा तक्ता दर महिन्याला संकेतस्थळावर टाकतोच. त्यात तीन रकाने वाढवा: शिफारस कधी आली, फाइल आत्ता कोणाच्या टेबलावर आहे, आणि अडली असेल तर कारण काय.

आपला,
अपील पडून असलेला एक पक्षकार