चिनी मुलांची इंग्रजी आणि आपली वीस गुणांची तोंडी परीक्षा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणाविषयी आपल्या दैनिकात जे छापून येते ते मी आवर्जून वाचते. त्यातल्या, आणि त्यावर वाचक जी पत्रे लिहितात त्यांतल्याही, एका सुराविषयी हे पत्र आहे. चिनी विद्यार्थी घोकून, नाहीतर आडवाटेने परदेशी प्रवेशासाठी लागणाऱ्या आयईएलटीएस-टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण मिळवतात, वर्गात बसले की चार वाक्ये बोलता येत नाहीत, आणि त्यांच्यामुळे परीक्षा कडक होऊन आपल्या मुलांना त्रास होतो, असा तो सूर. मी गिरणगावातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत निवृत्तीपर्यंत इंग्रजी शिकवले. त्यानंतर काही काळ दादरच्या एका क्लासमध्ये आयईएलटीएस देणाऱ्या मुलांच्या सराव-मुलाखती घेतल्या. त्या अनुभवावरून सांगते, हा सूर चिनी मुलांवर अन्याय करणारा आहे आणि आपल्या मुलांचे त्याने नुकसान होते.

चिनी मूल इंग्रजी शिकते ते कुठल्या परीक्षेसाठी, हे आधी पाहू. जूनमध्ये होणारी गाओकाओ ही तिथली विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. २०२४ मध्ये तिला १ कोटी ३४ लाखांहून अधिक मुलांनी नावे नोंदवली. बहुतेक प्रांतांत एकूण गुण ७५०. त्यात चिनी, गणित आणि परकीय भाषा प्रत्येकी १५०. परकीय भाषा म्हणजे बहुतेकांसाठी इंग्रजीच. उतारे, व्याकरण, निबंध आणि थोडे ऐकणे यांवर वर्षानुवर्षे हे गुण दिले गेले. बोलण्याचे गुण बहुतेक प्रांतांत एकूण बेरजेत नसतच. पुढे विद्यापीठात गेल्यावर १९८७ पासून सीईटी-४ आणि त्यानंतर सुरू झालेली सीईटी-६ या इंग्रजीच्या परीक्षा आहेत. तिथेही तोंडी भाग वेगळा आणि ऐच्छिक. जे विचारलेच जात नाही ते पन्नास मुलांच्या वर्गात कोण शिकवील? मग ते मूल आयईएलटीएसला बसते, वाचनात उत्तम गुण मिळवते आणि परीक्षकासमोर बसल्यावर अडते. यात त्या मुलाच्या बुद्धीचा किंवा नीतीचा काही संबंध नाही.

गैरप्रकार झाले, हे मी नाकारत नाही. बीजिंगमध्ये यू मिनहोंग यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या न्यू ओरिएंटल या क्लासवर टोफेल घेणाऱ्या ईटीएस संस्थेने प्रश्नपत्रिका परवानगीवाचून वापरल्याचा दावा लावला, आणि २००३ मध्ये तिथल्याच न्यायालयाने तो ईटीएसच्या बाजूने निकाली काढला. परीक्षा देऊन आलेली मुले आठवतील तेवढे प्रश्न संकेतस्थळांवर लिहीत, म्हणून २००२ मध्ये ईटीएसला चीन, तैवान आणि दक्षिण कोरियात जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेची संगणकावरची पद्धत थांबवून पुन्हा कागदावर आणावी लागली. २०१५ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्ग इथे १५ चिनी नागरिकांवर तोतये परीक्षार्थी बसवल्याचे आरोप ठेवले गेले. हे सगळे खरे. पण या १५ जणांचा हिशेब हेनान नाहीतर सिचुआनमधल्या एखाद्या शिक्षकाच्या मुलीकडून का मागायचा?

आणि असा देशावरून संशय घेतला की काय होते, ते आपण भोगलेले आहे. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीने व्हिसासाठीच्या टोइक या, ईटीएसच्याच, इंग्रजी परीक्षेतला गैरप्रकार उघड केला. मग ईटीएसने जुन्या ध्वनिमुद्रणांची छाननी केली आणि ५८ हजारांवर निकालांपैकी ३३ हजारांहून अधिक अवैध, तर २२ हजारांहून अधिक शंकास्पद ठरवले. म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव निकाल संशयाच्या यादीत गेले. त्या यादीच्या आधारावर व्हिसे रद्द झाले, विद्यापीठांनी नावे काढली. फसवणूक करणारे त्यात होतेच, पण आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारेही होते. त्यांत आपल्या देशातली मुले होती. इंग्रजी अस्खलित बोलणारा मुलगा केवळ यादीत नाव आहे म्हणून परत पाठवला जातो, तेव्हा त्याच्या आईवडिलांना काय सांगायचे? तेव्हा आपल्याला हा अन्याय वाटला. तोच न्याय चिनी मुलांना लावताना मग आपला हात का आखडतो?

आता मुंबईकडे येते. आयईएलटीएसची तोंडी परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची असते आणि समोर परीक्षक असतो. मधल्या भागात एक कार्ड देतात, त्यावर विषय असतो, विचार करायला एक मिनिट मिळते आणि मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचे. हे विषय काही महिन्यांनी बदलतात. चीनमध्ये परीक्षा देऊन आलेल्यांच्या आठवणीतून त्यांच्या याद्या तयार होतात, त्यांना तिथे जीजिंग म्हणतात. आपल्याकडे त्या याद्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन फिरतात. मी ज्या क्लासमध्ये जात असे तिथे प्रत्येक कार्डाचे तयार उत्तर छापून दिले जाई.

एका संध्याकाळी मी ‘तुमच्यावर प्रभाव टाकणाऱ्या व्यक्तीविषयी बोला’ हे कार्ड दिले. लागोपाठ तीन मुले आली. तिघांनीही आजोबांविषयी सांगितले. तिघांचेही आजोबा निवृत्त शिक्षक, पहाटे उठणारे, गावात वाचनालय काढणारे. वाक्ये तीच, मध्ये घ्यायचा श्वासही तोच. तिसरा मुलगा लालबागचा होता. मी त्याला मध्येच थांबवून विचारले, आजोबा कुठल्या शाळेत होते? तो गप्प झाला. मग हळूच मराठीत म्हणाला, “बाई, ते शिक्षक नव्हते, गिरणीत होते.” मी म्हटले, त्यांच्याविषयीच सांग, इंग्रजीतच सांग, चुकले तरी चालेल.

तो बोलू लागला. १९८२ चा संप, आजोबांची सुटलेली नोकरी, आजीने खानावळीचे डबे सुरू केले ते, आजोबा भाजी आणायला दादरच्या बाजारात पहाटे जात ते. क्रियापदांचे काळ चुकत होते, एका ठिकाणी शब्द सापडेना म्हणून त्याने हाताने साचा चालवून दाखवला. पण तो माझ्याकडे बघून बोलत होता, मी प्रश्न विचारला तर त्या प्रश्नाचेच उत्तर देत होता. अशा बोलण्यालाच खरे तर गुण मिळतात. ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चारही गोष्टींना तिथे सारखेच वजन असते, आणि पाठ केलेले उत्तर ओळखायला परीक्षकांना शिकवलेले असते. मी क्लासच्या चालकांना म्हटले, ही छापील उत्तरे बंद करा. त्यांनी सांगितले की पालक फी देतात ती बँडसाठी, म्हणजे आयईएलटीएसच्या गुणश्रेणीसाठी, गप्पांसाठी नाही. त्यानंतर मी तिथे गेले नाही. त्या मुलाची दुसऱ्या दिवशीही मुलाखत ठरली होती. ती मी माझ्या घरी घेतली.

म्हणून मला कोणी ‘चिनी मुले घोकतात’ म्हटले की राग येतो. घोकायला लावणारा धंदा बीजिंगमध्ये आहे तसा दादर स्टेशनच्या बाहेरही आहे, आणि अमेरिकेत २०२३-२४ मध्ये चीनपेक्षा भारतातून गेलेले विद्यार्थी जास्त होते. ३ लाख ३१ हजार आपले, २ लाख ७७ हजार त्यांचे. उद्या तिथल्या प्राध्यापकांनी भारतीय मुलांविषयी हाच सूर लावला तर आपल्याकडे काय उत्तर आहे?

माझी एक जुनी विद्यार्थिनी, नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली, ब्रिटनमध्ये एम.एस्सी. करत होती. तिच्याबरोबर हेनान प्रांतातली एक मुलगी राहत असे. ती मुख्य अभ्यासक्रमाआधी विद्यापीठाने उन्हाळ्यात ठेवलेला प्री-सेशनल इंग्रजीचा वर्ग करून आली होती. तिथे तिच्या वर्गात जवळजवळ सगळी चिनीच मुले, त्यामुळे वर्गाबाहेर इंग्रजी कानावर पडलीच नाही. चर्चासत्रात ती बसून राही आणि बाकीचे समजत की हिला विषयच कळलेला नाही. पण शोधनिबंध वाचण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. दोघींनी ठरवले: रात्री स्वयंपाक करताना फक्त इंग्रजी बोलायचे, आणि दुसऱ्या दिवशीच्या चर्चेतला एक तरी मुद्दा आधीच एकमेकींना बोलून दाखवायचा. माझी विद्यार्थिनी मला फोनवर म्हणाली, “बाई, तिला माझ्यापेक्षा जास्त शब्द येतात, फक्त कोणी तिला कधी विचारलंच नव्हतं.” दुसऱ्या सत्रात ती मुलगी वर्गात हात वर करू लागली.

चीनमध्ये ही उणीव ओळखून काही ठिकाणी काम झाले आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणी लिहीत नाही. ग्वांगडोंग प्रांताने २०११ पासून गाओकाओत संगणकावर ऐकण्या-बोलण्याची परीक्षा आणली. मुलाला छोटी चित्रफीत दाखवून त्यातले निवेदन तसेच म्हणायला लावतात, मग संभाषणात प्रश्न विचारायचे आणि उत्तरे द्यायची, शेवटी ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. सगळे ध्वनिमुद्रित होते. बीजिंगने २०२१ पासून इंग्रजीच्या १५० पैकी ५० गुण ऐकण्या-बोलण्याला दिले. त्याचेही क्लास निघाले असणार. पण तिथे निदान मुलाच्या तोंडून इंग्रजी निघते, आणि शाळेला तास ठेवावे लागतात.

आपल्याकडे काय? महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावी-बारावीला इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचे २० गुण आहेत. म्हणजे ज्यासाठी बीजिंगला २०२१ उजाडावे लागले ते आपल्याकडे कागदावर आधीपासून आहे. आणि कागदावरच राहिले आहे. शाळेचेच शिक्षक, शाळेचीच मुले. एका तासात अर्धा वर्ग उरकायचा. ठरलेला उतारा वाचून घ्यायचा, नाव-गाव विचारायचे आणि सोळा-सतरा-अठरा भरून टाकायचे. मी शिक्षकांना दोष देत नाही. साठ मुलांची खरी तोंडी परीक्षा घ्यायला त्यांना वेळ, माणूस आणि जागा कोणी दिलीच नाही. पण त्या अठरा गुणांवर कोणाचा विश्वास नाही, हे तर आपण सगळे जाणतो.

याची किंमत पैशातही मोजावी लागते. आयईएलटीएसची फी आज सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे आणि निकाल दोनच वर्षे ग्राह्य असतो. एक बँड कमी पडला की पुन्हा तेवढेच पैसे, वर क्लासची फी. ब्रिटनमधली काही विद्यापीठे आपल्या बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर ही परीक्षा माफ करतात. पण केंद्रीय मंडळांच्या गुणपत्रिका जितक्या सहज चालतात तितक्या सगळ्या राज्य मंडळांच्या चालत नाहीत. आपल्या मंडळाची तोंडी परीक्षा चोख झाली, तर परळ-शिवडीतल्या रिक्षा चालवणाऱ्याच्या मुलीची गुणपत्रिका तिकडे दाखवायला आपल्याला तोंड राहील. हे विद्यापीठांशी बोलण्याचे काम शिक्षण खात्याने आणि राज्य मंडळाने करायला हवे. एकटी मुलगी ते करू शकत नाही.

माझी मागणी मोठी नाही. तोंडी परीक्षेला परीक्षक शेजारच्या शाळेचा असावा. प्रत्येक मुलाशी किमान पाच मिनिटे बोलणे व्हावे आणि त्यात दोन तरी प्रश्न आधी न ठरवलेले, त्या मुलाच्या उत्तरातून निघालेले असावेत. बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून शाळेने वर्षभर जपून ठेवावे, म्हणजे शंका आली तर पुन्हा ऐकता येईल. महापालिकेच्या शाळांत याची सुरुवात सहावीपासून, गुण न देता, नुसत्या गप्पांच्या तासाने करावी. तिथल्या मुलांना बोलायला खूप असते, हे मी रोज पाहिलेले आहे.

माणसे नाहीत असे उत्तर येईल. मुंबईत माझ्यासारखे निवृत्त इंग्रजी शिक्षक पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेच घरी बसून आहेत. मंडळाने विभागवार आमची यादी करावी, एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे आणि येत्या तोंडी परीक्षेपासूनच आम्हाला शाळा वाटून द्याव्यात. नायगाव, परळ, लालबाग आणि शिवडी इथल्या शाळांत मला चालत जाता येते. मी मानधनाशिवाय यायला तयार आहे. माझे नाव आणि फोन नंबर मी आपल्या कार्यालयात या पत्रासोबत दिला आहे, तो आपण मंडळाला जरूर कळवावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका
नायगाव, दादर (पूर्व), मुंबई