यंदा गणपतीला येत नाहीये, रागावू नका

आई, बाबा,

फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तिन्ही वेळा आई तू मोदकांच्या पिठाचं काढलंस, मग माझ्या तोंडून शब्दच फुटेना, म्हणून लिहितेय. यंदा गणपतीला मी येत नाहीये. ठरवलंय तसं. तिकीट काढलेलं नाही आणि काढणारही नाही.

गणपती 14 सप्टेंबरला आणि माझा पेपर 16 ला. बाबा, तुम्ही म्हणाल पेपर दे आणि मग ये, विसर्जनाला तरी पोचशील. पण खरं सांगायचं तर हा पेपर मी दुसऱ्यांदा देतेय. फेब्रुवारीत राहिला होता. तेव्हा सांगितलं नाही कारण त्याच आठवड्यात बाबांची साखर वाढली होती आणि आई रात्र रात्र जागत होती. इथे आखेनच्या युनिव्हर्सिटीत एका विषयाला तीनच संधी, तिसऱ्यांदा राहिला तर कोर्सच बंद होतो, म्हणून आत्ता दुसरं काही डोक्यात नकोय. घाबरू नका, या वेळी तयारी चांगली आहे, बाकीचे सगळे विषय सुटलेत.

आणि दुसरं म्हणजे मला डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये काम मिळालंय. अशा कामाला इथे जर्मनीत हिवी म्हणतात. परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवसच काम करता येतं पण युनिव्हर्सिटीतलं हे काम त्यात धरत नाहीत, त्यामुळे काही नियमाबाहेरचं करतेय असं मनात आणू नका. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेत त्या ब्लॉक अकाउंटमधून महिन्याला 992 युरो सुटतात, त्यात भाडं, इन्शुरन्स, खाणं सगळं भागतं, पण हातात काही उरत नाही. हे पैसे लोनच्या व्याजाला जातील. बाबांनी पेन्शनमधून व्याज भरायचं हे मला बघवत नाही, एवढंच.

खाण्याचं मुळीच टेन्शन घेऊ नका. मऊ भात, वरण, लोणचं रोज होतं. रविवारी इथे दुकानं बंद असतात म्हणून शनिवारीच दूध, भाजी भरून ठेवते. बस-ट्रेनचं तिकीट सेमिस्टर फीमध्येच येतं, वेगळा खर्च नाही. मेतकूट मात्र बरणीच्या तळाशी दोन चमचे उरलंय, ते काही काढवत नाही. झाकण उघडून नुसता वास घेते आणि परत ठेवते.

बाबा, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. आखेनमध्ये गावाच्या मधोमध एलिझेनब्रुनेन म्हणून जागा आहे, खांबांच्या ओळीमागे गरम पाण्याचे नळ. पहिल्यांदा तिथून गेले तेव्हा गंधकाचा वास आला आणि मी थांबलेच. आपल्या तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडाचाच वास हो! तुम्ही स्कूटरवरून न्यायचात, पाणी चटका देतंय म्हणून मी रडायचे आणि तुम्ही मगातलं पाणी थोडं थोडं माझ्या पावलांवर सोडायचात, आता निवलं बघ, आता निवलं, असं म्हणत. अभ्यासाने जीव आंबला की मी तिथे जाऊन बसते. इथे जूनमध्ये रात्री दहाला जेमतेम अंधार पडतो, म्हणजे तुमच्याकडे दीड वाजलेला, तेव्हा तुम्हाला उठवायचं कसं म्हणून फोन करत नाही.

आता ऐका. बाबांनी तीन महिन्यांची साखर याच महिन्यात तपासायची, आरतीनंतर पंचखाद्य एकच चमचा. मागच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं असेल, दादा आला की त्याच्याकडून घासून घ्या, तोवर आई तू विहिरीकडे जायचं नाहीस. एकवीस मोदक नैवेद्यापुरते घरी कर, बाकीचे शेजारच्या काकूंकडून करून घे, खांदा दुखत असताना शंभर मोदक वळायची काही गरज नाहीये. गणपती काही रुसत नाही गं.

आई, तू पण रुसू नकोस. डिसेंबरमध्ये येता येतंय का बघते, नक्की नाही सांगत, आशा लावून ठेवायची नाहीये तुला. पहिल्या दिवशीच्या आरतीला दादाला फोन लावून मखरासमोर ठेवायला सांग. इथे सकाळ असेल, मी आंघोळ करून बसलेली असेन. फोन उभा ठेवा, आडवा नको, मागच्या वेळी मला नुसतं छत दिसत होतं.

तुमची,
चिमू