गझालीच्या माथी सगळं मारू नकोस

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

गझाली या धर्मपंडितानं विज्ञानावर बंदी घातली आणि मुसलमानांचं विज्ञान तिथंच संपलं, असं तू परवा फोनवर म्हणालास. बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितोय.

गझाली वारला ११११ साली. त्यानं एका ग्रंथात तत्त्वज्ञांना झोडपलं हे खरं. पण त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला तो बजावतो की ग्रहणाचं गणित सिद्ध झालेलं आहे, धर्मासाठी म्हणून ते नाकारणारा धर्माचंच नुकसान करतो. शिवाय पुढचं बघ. हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त फुप्फुसांतून डाव्या कप्प्यात येतं, हे इब्न अल-नफीसनं तेराव्या शतकात लिहिलं. चौदाव्या शतकात इब्न अल-शातिरनं चंद्राच्या गतीची जी मांडणी केली, तीच १५४३ साली कोपर्निकसच्या ग्रंथात दिसते. आणि हा इब्न अल-शातिर नोकरीला कुठे होता? दमास्कसच्या मोठ्या मशिदीत, नमाजाच्या वेळा ठरवायला!

दुसरा ठरलेला आरोपी म्हणजे मंगोल सरदार हुलागू. १२५८ मध्ये त्यानं बगदाद लुटलं, माणसं कापली, त्याला माफी नाही. पण दुसऱ्याच वर्षी त्याच्याच पैशानं नासिरुद्दीन तूसीनं इराणातल्या मराघ्याला वेधशाळा बांधायला घेतली.

मुळात त्याच्या आधी बगदादला विज्ञान एवढं बहरलं कशामुळे? कागद स्वस्तात मिळू लागला होता, खलिफा आणि दरबारी पैसा सोडत होते, आणि विद्वानाचा धर्म फारसा आड येत नव्हता. ग्रीक वैद्यक अरबीत आणणारा हुनैन ख्रिस्ती होता, गणिती साबित हर्रानच्या ताऱ्यांच्या उपासकांपैकी. आपल्या ब्रह्मगुप्ताचं खगोलगणितही तिथं पोचलं. हिंदी अंकांनी हिशेब कसा करायचा यावर अल-ख्वारिझ्मीनं पुस्तक लिहिलं, ते पुढे लॅटिनमधून युरोपात गेलं.

माझा खरा जीव मात्र समरकंदवर आहे. तैमूरचा नातू उलूग बेग तिथं राज्य करायचा, पण त्याचं चित्त आकाशात. १४२०च्या दशकात त्यानं वेधशाळा बांधली, तिच्यातल्या वेध घ्यायच्या दगडी कमानीची त्रिज्या सुमारे ४० मीटर. त्याच्या पदरी असलेल्या अल-काशीनं १४२४ साली वर्तुळाच्या ‘पाय’ची (π) किंमत दशांशचिन्हानंतर १६ स्थळांपर्यंत काढली. या काशीनं वडिलांना लिहिलेली पत्रं शिल्लक आहेत (मुलं तेव्हा वडिलांना पत्रं लिहीत). त्यात तो सांगतो की सुलतानानं घोड्यावर बसल्या बसल्या सूर्याचं स्थान अंश-कलेपर्यंत तोंडी काढलं. इतर विद्वान आपल्यापुढे कसे कमी पडतात, हेही तो बापाला मनमोकळेपणानं कळवतो.

१४३७ साली हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी तयार झाली. १४४९ मध्ये पोटच्या मुलानं उलूग बेगला मारवलं आणि वेधशाळा मोडली. त्याचा शिष्य अली कुश्जी शेवटी इस्तंबूलला गेला. तिथंही तेच. तकीउद्दीनची वेधशाळा १५७७ मध्ये उभी राहिली, १५८० मध्ये सुलतानाच्याच हुकमानं पाडली. त्याच काळात डेन्मार्कच्या बेटावर टायको ब्राहे वेध घेत होता. राजाची मर्जी फिरल्यावर त्यालाही गाशा गुंडाळावा लागला. पण त्याची निरीक्षणं केपलरच्या हाती पडली, छापखाने होते, विद्यापीठं होती. तुर्की-अरबी पुस्तकं छापायला इस्तंबूलमध्ये परवानगी मिळाली ती थेट १७२७ साली.

म्हणून मला वाटतं, शोध तारखेचा किंवा खलनायकाचा घेऊ नये. धन्याच्या माघारी काम कोण चालवतं, ते बघावं. मुल्लांचा विरोध झालाच नाही असं मी म्हणत नाही. इस्तंबूलला तो होता. व्यापाराचे मार्ग बदलले, युरोपची भरभराट झाली, हीही कारणं आहेतच. पण एका माणसाच्या मर्जीवर उभं राहिलेलं काम त्याच्याबरोबर जातं, आणि त्याचा कुराणाशी संबंध नाही. सवाई जयसिंगाचंच बघ. हिंदू राजा, उलूग बेगची कोष्टकं पुढ्यात ठेवून त्यानं पाच शहरांत वेधशाळा बांधल्या. १७४३ साली तो गेला.

तू पुढच्या महिन्यात जयपूरला जातोयस ना? तिथल्या वेधशाळेतल्या सम्राट यंत्रापाशी गाइडला विचार, जयसिंगानंतर इथं रोज वेध कोण घेत होतं. उत्तर मिळालं तर कळव.

तुझा,
बाबा