मोठ्या मापाची जॉगर घरीच शिवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

तळजाई टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा जाड बायकांची एक अडचण कुणी मांडत नाही. वाकलं की जॉगर पँट मागून खाली उतरते! तयार कपड्यांत मोठं माप म्हणजे बहुतेकदा नुसता घेर वाढवलेला, मागचं आसन (कमरेपासून मांड्यांच्या जोडापर्यंतचा भाग) तेवढंच आखूड. म्हणून मी घरीच शिवते. खुर्चीवर ताठ बसून कमरेपासून खुर्चीच्या बैठकीपर्यंत आसनाचं माप घ्यावं, त्यात इंचभर सैल धरावं आणि मागचा भाग पुढच्यापेक्षा दोन इंच तरी उंच कापावा. मांड्यांमधली शिवण उसवत असेल तर तिथे चौकोनी तुकडा जोडा. कापडाची काटकसर तिथे नको. होजिअरीचं (ताणलं जाणारं, विणीचं) कापड आधी धुऊन मगच कापा, आटतं. सुई बॉलपॉइंट (गोलसर टोकाची), टाका झिगझॅग. इलॅस्टिक दीड इंच रुंद घ्या, अरुंद पट्टी पोटावर गुंडाळली जाते. आणि खिसा हवाच, मोबाइल मावेल एवढा खोल.

आमच्या भागातल्या शिवणवर्गात अजून ब्लाउज-परकरच शिकवतात, तेही छत्तीसच्या मापाचे. आपल्या पुरवणीत ४८ इंची सीटचं एखादं कटिंग आकृतीसह छापाल का?

एक वाचक, सहकारनगर, पुणे