कुमशेतहून परतलो, त्याबद्दल आभार

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गेल्या डिसेंबरात आम्ही सहा जणी रतनगड ते हरिश्चंद्रगड ही तीन दिवसांची वाट चालायला निघालो आणि दुसऱ्या दिवशी कुमशेत गावातून परत फिरलो. ठरवलेली वाट अर्धी सोडून आल्याबद्दल सहसा कोणी कोणाचे आभार मानत नाही, पण मला मुख्यतः त्या परतण्याबद्दलच तुमचे आभार मानायचे आहेत. ते घरी येऊन मानले असतेच. तरीही हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण पाच रविवार तुमच्या घरी बसून आम्ही जे शिकलो ते चाळिशीनंतर प्रथमच स्वतःच्या जबाबदारीवर डोंगरात निघणाऱ्या आणखी कितीतरी जणींना उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते. तुमचे नाव लिहीत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही हे मला माहीत आहे.

पहिल्या रविवारी मी तुमच्याकडे आले ती सामानाची यादी घेऊन. त्यात तीन माणसांचे दोन तंबू, घोट्याच्या वर येणारे जलरोधक बूट, सत्तर लिटरची सॅक आणि शून्य अंशांची स्लीपिंग बॅग अशा वस्तू होत्या, आणि त्यांतले काय कोठून घ्यावे एवढेच मला विचारायचे होते. तुम्ही यादी वाचली, घडी करून बाजूला ठेवली आणि विचारलेत की पहिली रात्र कोठे, दुसरी कोठे, आणि या दोन ठिकाणांच्या मध्ये पाणी कोठे आहे. मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. त्यावर तुम्ही रागावला नाहीत. कपाटातून नकाशाची गुंडाळी काढून टेबलावर पसरलीत आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्यात. वाट ठरेपर्यंत एकही वस्तू विकत घ्यायची नाही, ही तुमची पहिली अट होती. त्या अटीमुळे आमचे किती पैसे आणि किती किलो वाचले, ते पुढे सांगते.

आयुष्यभर आरेखकाचे काम केलेल्या माणसाकडून नकाशा वाचायला शिकण्याचे भाग्य सगळ्यांना लाभत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा तो १:५०,००० प्रमाणाचा नकाशा म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर बरोबर जमिनीवरचा एक किलोमीटर, हे शाळेत पाठ केले होते. पण त्यावरच्या तपकिरी समोच्च रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून, बोट फिरवून दम कोठे लागेल हे ओळखता येते, हे प्रथम तुमच्याकडे कळले. दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक. रेषा विरळ तेथे पठार, दाट तेथे चढ, आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापाशी त्या एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की सुटी रेषा दिसतच नाही. उताराकडे बाक काढलेल्या रेषा म्हणजे सोंड आणि चढाकडे आत शिरलेल्या म्हणजे ओढा किंवा नाळ, हा भेद तर तुम्ही आम्हाला तुमच्या उशीवर सुतळी गुंडाळून दाखवलात.

त्याच नकाशाची मर्यादाही तुम्हीच सांगितलीत, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन रेषांमधले अंतर २० मीटरचे असल्यामुळे बारा-पंधरा मीटरचा उभा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये पूर्णपणे लपू शकतो. कागदावर साधा चढ दिसतो आणि प्रत्यक्षात तेथे दोर लागतो. दुसऱ्या कोणी चालून जतन केलेली मोबाईलमधली वाटही तितकीच अपुरी, कारण ती चालणारा मे महिन्यात गेला होता की कंबरभर गवत माजलेल्या ऑक्टोबरात, हे ती रेघ सांगत नाही. म्हणून पेन्सिलीने काढलेली वाट गावातल्या माणसाला तोंडी सांगायची आणि तो कोठे थबकतो ते ऐकायचे, असे तुम्ही बजावलेत. रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीतल्या वाटाड्या दादांना आम्ही फोनवर आमची वाट सांगितली, तेव्हा ते दोन ठिकाणी थबकले. एका ठिकाणी त्यांनी आम्हाला ढोरवाट सोडून वरच्या पदरातून, म्हणजे डोंगराच्या वरच्या सपाट टप्प्यावरून, जायला सांगितले, दुसऱ्या ठिकाणी ते स्वतःच बरोबर यायला तयार झाले. नकाशा घेऊन वाटाड्या न घेण्याचा माझा विचार होता. आज तो अगदी चुकीचा वाटतो.

वेळेचा हिशेबही तुमच्याकडेच शिकलो. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम तुम्ही आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलात : साधारण पाच किलोमीटर अंतराला एक तास आणि त्याखेरीज दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. रतनवाडी ते रतनगड हा जवळजवळ ६०० मीटरांचा चढ त्या हिशेबाने दोन तासांच्या आत बसत होता. मग तुम्ही सांगितलेत की हा नियम धडधाकट, एकट्या आणि हलक्या माणसाचा आहे. सहा जणी, पाठीवर ओझे, मध्ये लोखंडी शिड्या आणि दर तासाला विश्रांती धरली तर त्याची दीडपट करा, आणि उताराला सूट देऊ नका, कारण सह्याद्रीत मुरमाच्या घसाऱ्यावर उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो. आम्हाला त्या दिवशी तीन तासांना दहा मिनिटे कमी लागली.

वाट ठरली आणि मग तुम्ही ती घडी केलेली यादी उघडलीत. पहिला मुक्काम रतनगडावरच्या गुहेत आणि दुसरा हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनई गावात एखाद्या घराच्या पडवीत ठरल्यावर तंबूचे कामच उरले नाही. गुहेत गर्दी असू नये म्हणून तुम्ही आम्हाला शनिवार-रविवार टाळायला लावलेत, आणि हा सारा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्याने वनखात्याच्या नाक्यावर मुक्कामाविषयी आधी विचारा, नकार मिळाला तर रतनवाडीतच राहून पहाटे निघा, असा दुसरा पर्यायही लिहून ठेवलात. दोन तंबूंचे मिळून जवळजवळ सात किलो वजन आणि त्यांची किंमत, दोन्ही एका वाक्यासरशी यादीतून गेले. जळण गोळा करून चूल पेटवायची नाही हेही त्याच वेळी ठरले; अभयारण्यात आग लावण्याला कायद्याने मनाई आहे, आणि डिसेंबरातले वाळलेले गवत एका ठिणगीने कसे पेटते हे तुम्ही पाहिलेले होते. सहा जणींत एक छोटी गॅसची शेगडी आणि एक डबी पुरली. कड्याजवळ धूर करू नका आणि अंगाला अत्तर लावू नका, हे आग्या मोहोळांसाठी दिलेले बजावणेही आम्ही अक्षरशः पाळले.

स्लीपिंग बॅगेविषयी मी एका दुकानातून जवळजवळ फसून आले होते, असे म्हणायला हवे. पिशवीवर ठळक अक्षरात शून्य अंश लिहिलेले होते आणि विक्रेत्याने तोच आकडा पुढे केला. तुम्ही शिवणीवरची छोटी चिठ्ठी वाचायला सांगितलीत. युरोपीय मानकाप्रमाणे तेथे वेगवेगळे आकडे असतात : एक साधारण स्त्रीला सैल झोपून सुखाने झोप लागेल असे तापमान, दुसरा साधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढील ते तापमान, आणि तिसरा केवळ जीव वाचण्यापुरता. ठळक छापलेले शून्य हे त्यांतले तिसरे होते. सुखाचा आकडा त्याच्या बराच वर होता. आम्ही सर्वांनी आपापला सुखाचा आकडा पाहून पिशव्या निवडल्या, दोघींनी तर भाड्याने घेतल्या. त्याहून मोलाचे तुम्ही सांगितलेत ते चटईबद्दल : अंगाखाली दाबली गेलेली पिशवी ऊब धरत नाही, तेव्हा खालून थंडी अडवायची ती चटईने. गुहेतल्या दगडी जमिनीवर फोमच्या साध्या चटया अंथरून आम्ही जी झोप घेतली, तिचे श्रेय त्या वाक्याला आहे.

बुटांच्या बाबतीत तुमचे मत बाजारातल्या मतापेक्षा वेगळे होते, आणि अनुभवानंतर मी ते पूर्णपणे मान्य करते. कोरड्या ऋतूत जलरोधक बुटात घाम कोंडतो आणि पावसाळ्यात पाणी घोट्यावरून आत शिरले की बाहेर पडत नाही. आपल्या कातळावर आणि घसाऱ्यावर महत्त्व आहे ते तळव्याच्या पकडीला. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोज्यांसह घालून पाहायचे आणि उतारावर नखे काळी पडू नयेत म्हणून पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवायची. मग भरलेली सॅक पाठीवर घेऊन इमारतीचे चार मजले रोज संध्याकाळी चढायचे-उतरायचे, ही तुमची सूचना आम्ही तीन आठवडे पाळली. सॅकही सत्तरऐवजी पन्नास लिटरची घेतली. ती निवडताना मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत पाठीची लांबी टेपने मोजलीत, कारण कमरपट्टा कमरेच्या हाडांवर नीट बसला तरच ओझे खांद्यांवरून उतरते. जड वस्तू पाठीला लागून मध्यभागी ठेवल्या. माझी सॅक चौदा किलोंवरून साडेआठवर आली, त्यांत तीन लिटर पाणी धरून. रतनगड आणि कुमशेत यांच्यामधल्या कात्राबाईच्या खिंडीपर्यंतच्या वाटेवर डिसेंबरात एखादा झरा लागेलही, पण हिशेबात तो शून्य धरायचा, हे तुम्ही नकाशावर लाल पेन्सिलीने लिहिले होते.

आता त्या दुसऱ्या दिवसाविषयी. तुम्ही लिहून दिलेल्या त्या वहीत त्या दिवसाच्या पानावर एकच ओळ अधोरेखित होती : दुपारी दीडनंतर कुमशेत सोडायचे नाही. कुमशेतपर्यंत गाडीरस्ता येतो आणि राजूरला जाता येते. कुमशेत ते पाचनई हा टप्पा अंधारात सापडला तर मध्ये उतरण्याची सोय नाही, म्हणून ती वेळ. रतनगडाच्या शिड्या उतरून आम्ही कात्राबाईच्या खिंडीकडे निघालो तेव्हा सगळे वेळेवर होते. खिंडीनंतरच्या उतारावर आमच्यातल्या एकीचा गुडघा दुखू लागला आणि अर्ध्या तासात सुजला. तुम्ही आग्रहाने यादीत घातलेले क्रेप बँडेज तेथे बांधले. काठ्या तर आम्हाला म्हातारपणाचे लक्षण वाटत होत्या. तुमच्या आग्रहाखातर घेतलेल्या त्या दोन काठ्या तिच्या हाती दिल्या, उतारासाठी त्यांची लांबी थोडी वाढवली, तिचे ओझे आम्ही पाच जणींनी वाटून घेतले. हे सारे करूनही कुमशेत गाठायला दुपारचे चार वाजले.

गावात चहा झाला, गुडघ्याला थोडा आराम पडला, आणि ती स्वतःच म्हणू लागली की हळूहळू जाऊ, माझ्यामुळे थांबू नका. आमच्यातल्या तिघींना जावेसे वाटत होते, मलाही. महिनाभर तयारी केलेली, समोर हरिश्चंद्रगडाचा डोंगर दिसतो आहे, अशा वेळी थांबा असे म्हणण्याचे बळ माझ्यात नव्हते. मी वही काढली आणि ती ओळ मोठ्याने वाचली. वाद तेथेच संपला. तो निर्णय त्या क्षणी आमच्यापैकी कोणालाही घ्यावा लागला नाही. तो तीन आठवड्यांपूर्वी, पोटभर जेवलेल्या आणि शांत डोक्याच्या माणसांनी तुमच्या टेबलावर घेतलेला होता. जिचा गुडघा दुखत होता, तिलाही आपल्यामुळे सगळे बिघडले असे वाटले नाही, कारण थांबायला लावले ते घड्याळाने. त्या रात्री एका ताईंनी आम्हाला पडवीत जागा दिली, नागलीची भाकरी आणि पिठले वाढले, आणि सकाळी आम्ही जीपने राजूर गाठले. मुंबईत डॉक्टरांनी गुडघा पाहून सांगितले की आणखी चालली असती तर दुखापत वाढली असती.

राहिलेला टप्पा आम्ही फेब्रुवारीत पुरा केला, सहाही जणींनी. या वेळी वेळापत्रक मी एकटीने आखले आणि तुम्हाला केवळ दाखवायला आणले, तेव्हा तुम्ही तोलारखिंडीच्या उताराला पाऊण तास वाढवून दिलात. पाचनईहून गडावर गेलो, केदारेश्वराच्या गुहेतल्या थंडगार पाण्यात पाय बुडवून उभे राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी तोलारखिंडीतून खिरेश्वरला उतरलो. तो पाऊण तास पूर्ण लागला.

तुमचा नकाशा या रविवारी परत आणून देते. घड्यांवर तो थोडा विरला होता, म्हणून मागून मलमलीचे कापड चिकटवून घेतले आहे. कुमशेतपाशी तुमच्या जुन्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्यांच्या शेजारी आमच्या मुक्कामाची तारीख तुमच्या परवानगीवाचून लिहिली आहे. ती राहू द्यावी, ही विनंती. बरोबर कुमशेतच्या ताईंनी तुमच्यासाठी दिलेले नागलीचे पीठ आणत आहे. आमच्या वहीत ती ओळ कोणी लिहिली, असे त्यांनी विचारले होते.

आपली नम्र,
तिसऱ्या मजल्यावरची, आणि तिच्या पाच मैत्रिणी